मागचा गोठा

ढवळी सातव्या महिन्यात गाभडली, तेव्हा डॉक्टरीण नुकतीच कामावरून येऊन दारात चपला काढत होती. सासरे ओट्यावरून ओरडले, "सूनबाई, आधी गोठ्यात या. चहा काय पळून जात नाही."

ती दूध केंद्राच्या दवाखान्यात गुरांची डॉक्टर होती. आसपासच्या वस्त्यांवर तिला नावानं कुणी हाक मारत नसे, डॉक्टरीण म्हटलं की सगळ्यांना कळायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या गायींच्या शेपट्या उचलायच्या आणि संध्याकाळी घरच्या. माहेरचे चेष्टा करत, तुला नवऱ्याला नाही, गोठ्यालाच दिली.

गोठ्यात थोरली, म्हणजे तिची मोठी जाऊ, मेलेलं वासरू पाटीत भरत होती. धड केसही न आलेलं ओलं गाठोडं. थोरलीचे हात कोपरापर्यंत उघडे आणि बरबटलेले. ढवळीच्या मागे वार लोंबत होती, पिवळट, चामड्यासारखी जाड. तो वास डॉक्टरणीला ओळखीचा झाला होता. ह्या मोसमातली ही तिसरी गाय.

"ओढायला नको, बाबा," ती म्हणाली. "आपोआप पडेल. मी औषध देते."

"मागच्या खेपेला आपोआपची वाट बघितली, तर गाय महिनाभर आटली. हात घाल."

खांद्यापर्यंत येणारा हातमोजा पिशवीत एकच उरला होता, तोही बोटांशी फाटलेला. तिनं तो चढवला. गाल ढवळीच्या पुठ्ठ्याला टेकवून हात आत घातला आणि शर्टाची बटणं काढावीत तशी एकेक गाठ चाचपून सोडवू लागली. आतलं ऊन पाणी मोज्यात शिरलं आणि मनगटावरून खाली ओघळत राहिलं. वार एकदाची सुटून पायांवर पडली, तेव्हा तिच्या दंडाला गोळे आले होते.

"बाबा, रक्त तपासायला हवं. सगळ्या गायींचं. मला हे साधं गाभडणं वाटत नाही. एकीचं दुसरीला लागतंय."

सासऱ्यांनी आधी ढवळीच्या पाठीवर पोतं टाकलं. मग म्हणाले, "आपल्या गोठ्याला सुई लावलीस की उद्या चार गावांत बोंब. ह्या गोठ्यातली कालवड मिळावी म्हणून लोक वर्षभर आधी सांगून ठेवतात. आणखी चार दिवसांनी कालवडी न्यायला यायचेत. दुसऱ्यांच्या गोठ्यात काय तपासायचं ते तपास. घरचं घरात."

"रोग कसला आलाय!" सासूबाई दारातून म्हणाल्या. "एकेकाचा पायगुण असतो. गोठ्यात तेच, घरात तेच."

थोरली पाटी डोक्यावर घेऊन त्यांच्या अंगावरूनच गेली. तिची स्वतःची दोन बाळंतपणं अशीच अर्ध्यावर गेली होती. तिनं मान वळवली नाही. उकिरड्यापलीकडे खड्डा खणायला गेली.

थोरलीचा नवरा मालट्रकवर होता. महिन्या-दीड महिन्यानं उगवायचा, दोन दिवस झोपून निघायचा. घरात थोरलीची बाजू घ्यायला कुणी नव्हतं. धारा, शेण, वैरण, पाणी, सगळं तिच्या अंगावर. लग्न होऊन आली तेव्हा दोन हातांत दोन भरल्या बादल्या घेऊन पळत जायची म्हणे. गेल्या दोन वर्षांत मात्र तिचं काही खरं राहिलं नव्हतं. धार काढता काढता कपाळ गायीच्या कुशीला लावून तशीच बसून राहायची. सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीला धरायची. कंबर गेली, गुडघे गेले, संध्याकाळी अंगात कणकण. सासूबाई म्हणायच्या, "ताप म्हणे! अंगाला हात लावावा तर सकाळी गार. तापसुद्धा हिच्यासारखाच, काम दिसलं की येतो."

डॉक्टरीण तिला अधूनमधून तापाची गोळी द्यायची. वरवर विचारायची, "जेवता का नीट?" थोरली मान हलवायची. विषय तिथंच संपायचा. दिवसभर पन्नास गायी बघून आलेल्या बाईला घरात आल्यावर आणखी एक दुखणं ऐकायची ताकद नसायची. आणि खरं सांगायचं तर तिलाही आतून वाटायचं, थोडं दुखणं असेल, थोडं ढोंग असेल.

कालवडी न्यायला येणाऱ्यांचा निरोप आला, की घरात अडचण आहे, येणं पुढं ढकलतोय. थंडी सरली. उन्हं करकरायला लागली, गोठ्याचे पत्रे दुपारी कडकड वाजायला लागले. आणि एका दुपारी केंद्रावर, एका म्हशीला सुई टोचताना, डॉक्टरणीला भर उन्हात हुडहुडी भरली. हात इतका थरथरला की सुई वाकली. म्हशीचा मालक हसला, "बाई, म्हशीला भ्यालात काय?"

घरी येऊन ती पडली. ताप चढला, मध्येच घामानं अंथरूण भिजलं, पहाटे अंग बर्फ. सकाळी बरं वाटलं म्हणून कामावर गेली. दुपार कलली की पुन्हा तेच. आठवडा गेला, दुसरा गेला. कंबरेत कुणीतरी पहार घालून ठेवल्यासारखं व्हायचं. मोटारसायकलवरून उतरताना तिला पाय हातानं उचलून घ्यावा लागे. नवरा मायेचा होता. भिजलेली चादर मुकाट बदलायचा, पाठ चेपायचा. एकदा मात्र हसत म्हणाला, "तुला वहिनीचं वारं लागलं वाटतं."

तो बोलून गेला आणि दूध घालायला निघून गेला. ती तशीच पडून राहिली. दिवेलागणीची वेळ होती. भिंतीपलीकडे थोरलीची खोली. तिकडून खाटेचा करकर आवाज येत होता. थोरली कूस बदलत होती, बारीक कण्हत होती. डॉक्टरणीचे दात वाजायला लागले, तेव्हाच पलीकडेही कुणीतरी पांघरूण ओढलं. दोघींचा ताप एकाच वेळी चढत होता. मध्ये एका विटेच्या जाडीची भिंत.

ती उठून बसली. उघड्या हातांनी उचललेली वासरं. धार काढता काढता तिथंच तोंडाला लावलेलं कच्चं दूध. दोन वर्षं. दोन बाळंतपणं. गायींचं तिला पहिल्या दिवशी समजलं होतं आणि गायींच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचं समजलं नव्हतं.

भिंतीला धरत ती पलीकडे गेली. थोरली घामानं निथळत होती.

"ताई, उद्या माझ्याबरोबर शहरात चला. दवाखान्यात."

"कशाला? आई काय म्हणतील?"

"मला सोबत हवी म्हणून सांगते."

शहरातला डॉक्टर तरुण होता. दोघींना शेजारी शेजारी बसवून विचारलं, "काय काम करता?"

"मी काही नाही करत," थोरली म्हणाली. "घरीच असते."

डॉक्टरीण म्हणाली, "पस्तीस गायींचं ह्याच करतात. आणि मी त्यांच्या वारा काढते." आजाराचं नावही तिनंच सांगितलं. त्यानं मान डोलावून दोघींचं रक्त घेतलं.

दोघींच्याही रक्तात ते निघालं. ब्रुसेलोसिस. गायीला गाभडवणारे तेच जंतू. डॉक्टरनं दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, दीड महिना एकही दिवस चुकवायचा नाही. मध्येच सोडलंत तर उलटेल. थोरलीचं दुखणं जुनं, तिला जास्तच दिवस घ्याव्या लागतील. "आणि त्या गोठ्यापासून लांब राहा," तो म्हणाला. थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. जसं कुणी माणसाला सांगावं, जमिनीपासून लांब राहा.

परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "म्हणजे ती दोन पोरं... माझ्यामुळं नाही गेली?"

"त्यामुळंच गेली असतील असं छातीठोक नाही सांगता येत. पण तुमच्यामुळं नाही, हे नक्की, ताई."

थोरली रडली नाही. गोळ्यांची पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवली. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "सांगू नको घरात."

"असं कसं? गायी तपासायला हव्यात. कालवडी विकल्या तर त्या घरांतही..."

"तुझं ठीक आहे. तुला नोकरी आहे, माहेर आहे. हा गोठा गेला तर मी कशावर ह्या घरात? शेण काढायलासुद्धा लागणार नाही माझी. सांगू नको, तुझ्या पाया पडते."

डॉक्टरणीनं रात्री तरीही नवऱ्याला सांगितलं. तो खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिला.

"गोळ्या घ्या ना. दोघी बऱ्या व्हाल, कोण नाही म्हणतंय?" तो म्हणाला. "पण कुणाला सांगत बसू नकोस. तुझं रक्त म्हणजे आपल्या गोठ्याचं रक्त, कळतंय ना? कालवडी एकदा जाऊ देत. मग मी स्वतः बाबांना समजावतो."

"त्या कालवडींनीच पसरेल हे."

"कशावरून? तपासल्यास का? नाही ना? मग तुला तरी काय माहीत?"

तपासलं तर बाबांच्या मनाविरुद्ध. नाही तपासलं तर 'तुला काय माहीत'. गोळ्यांनी तोंडाला सतत कडवट चव असायची, लघवी लाल व्हायची. थोरली आपल्या गोळ्या पेंडीच्या पोत्यामागे लपवून ठेवायची आणि धारा काढायला जाताना गिळायची. डॉक्टरीण सकाळी कामावर जायची, दुसऱ्यांच्या अंगणात उभी राहून सांगायची, दूध उकळून प्या, वार उघड्या हातानं उचलू नका. आणि घरी येऊन गप्प बसायची. एकदा तर एका म्हातारीनं विचारलं, "तुमच्याकडं कसं करता, बाई?" तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

कालवडी न्यायला एक बाई आली. पन्नाशीची, रापलेली, आवाज खणखणीत. सोबत लेक. नवरा गेल्यापासून मायलेकीच घर चालवत होत्या. म्हशी काढून आता चांगल्या गायी बांधायच्या होत्या. सासऱ्यांनी कालवडी न्हाऊमाखू घालून अंगणात उभ्या केल्या होत्या. बाईनं एकेकीचे दात बघितले, कास चाचपली, पाठीवरून हात फिरवला. लेक एकीच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली.

"हिच्या दुधाचा पहिला पेला आईला," लेक म्हणाली. "ती धारोष्णच पिते. उकळलेलं दूध म्हणजे तिला औषध वाटतं."

"दुधाची चव उकळून मरते गं," बाई म्हणाली आणि डॉक्टरणीकडे वळली. "तुम्ही घरच्याच आहात. तुमच्या नजरेखालच्या कालवडी. मला आणखी कुणाला विचारायची गरज नाही. चांगल्या आहेत ना? तुम्ही हो म्हणा, की झालं."

सगळे तिच्याकडे बघत होते. सासरे दोरी हातात घेऊन. नवरा गाडीचा मागचा फाळका उघडून. थोरली गव्हाणीपाशी बादली घेऊन उभी होती, आणि तिची मान अगदी बारीक हलत होती. नको, नको.

'हो' हा शब्द केवढासा. तोंडापर्यंत आलाही होता.

"नेऊ नका," ती म्हणाली. "रक्त तपासल्याशिवाय ह्या गोठ्यातली एकही कालवड नेऊ नका. गोठ्यात आजार आहे. मला झालाय. ताईंना पण."

थोरलीच्या हातातली बादली खाली बसली. आपटली नाही, तिनं हळूच टेकवली. बाईनं लेकीला दंडाला धरून कालवडीपासून मागे ओढलं. सासरे दोरी गुंडाळू लागले. सरळ होती तरी पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळू लागले.

"येते," बाई म्हणाली. जाताना फाटकाशी थांबली. डॉक्टरणीला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "आधी सांगायचं होतंत. एवढा प्रवास पडला."

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. वरचे साहेब आले, रक्तं गेली, निम्म्याहून जास्त गायींच्या कानाला लाल बिल्ले लागले. केंद्रानं दूध घेणं थांबवलं. वरून हुकूम येईपर्यंत बिल्ल्याच्या गायी वेगळ्या ठेवायच्या, विकायच्या नाहीत, हलवायच्या नाहीत. वैरणीची कुट्टी करायच्या जुन्या शेडला कुंपण घालून मागचा गोठा तयार झाला. पूर्वी ज्यांनी कालवडी नेल्या होत्या ते फाटकाबाहेर उभे राहून सासऱ्यांना नाही नाही ते बोलून गेले. ज्या माणसाच्या तोंडून कधी शिवी आली नव्हती, त्याला भर रस्त्यात शिव्या खाव्या लागल्या. केंद्रानं डॉक्टरणीला गोड शब्दांत सांगितलं, रक्त साफ होईपर्यंत घरी विश्रांती घ्या. लोक तुम्हाला बघून बिचकतात.

विश्रांती! पहिल्याच सकाळी प्रश्न आला, मागच्या गोठ्यात जायचं कुणी?

सासूबाईंनी विचारसुद्धा केला नाही. "ह्या दोघींनी. त्यांना झालंच आहे, आता आणखी काय व्हायचंय?"

"आई, पुन्हा होऊ शकतं," डॉक्टरीण म्हणाली. "ताईंचा ताप अजून उतरलेला नाही."

"मग बाकीच्यांना होऊ दे म्हणतेस? तुझ्या नवऱ्याला? म्हाताऱ्याला?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो पुढच्या गोठ्यात बांधलेल्या निरोगी गायींना पाणी दाखवायला उठून गेला. अंगणातल्या त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपत होता. एकदाच बोलला होता, "माझ्या बापाला भर अंगणात उघडं पाडलंस."

दोघी मागच्या गोठ्यात जायला लागल्या. साहेबांनी दोन जोड रबरी बूट, तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणि मोज्यांचं एक खोकं दिलं होतं. पत्र्याखाली बुटांमधून घाम पचपच वाजायचा. शेण काढायचं, चुना फेकायचा, वैरण टाकायची, ठणकणाऱ्या कासा मोकळ्या करायच्या आणि ते दूध खड्ड्यात ओतायचं. ताज्या दुधाचा फेस मातीत जिरताना थोरली तोंड फिरवायची. कपडे तिथंच बदलायचे, भांडी वेगळी. सासूबाई दोघींची ताटं कुंपणाच्या कठड्यावर ठेवून हाक मारायच्या, लांबून.

थोरली पहिले काही दिवस डॉक्टरणीशी बोललीच नाही. मग एकदा फावडं टेकवून म्हणाली, "तू सांगितलंस, त्यानं काय फरक पडला? आधी शेण काढत होते, आताही शेणच काढते. फक्त आता पायात बूट आहेत."

दोघी एकदम हसल्या, आणि हसताना कंबर धरून वाकल्या.

बिल्ल्याच्या गायींत मोरी होती. सासऱ्यांच्या हातावर वाढलेली, त्यांची हाक ओळखणारी. ते रोज फाटकापर्यंत यायचे आणि बाहेरूनच तिला हाक मारून जायचे. मोरीचे दिवस भरले होते. एका सकाळी ती व्याली. वासरू जिवंत निघालं, पण लुळं. पाय टेकता येईना, आणि सूर्य वर यायच्या आत गेलं. वार अडकली. मोरी कण्हत होती, वळून वळून मागे बघत होती, वासरू शोधत होती.

सासरे फाटक ढकलून आत आले. डॉक्टरीण आडवी आली. "बाबा, बाहेर थांबा. मी औषध दिलंय. दोन-चार दिवसांत आपोआप गळून पडेल."

"ती मरतेय आणि तू बघत बसतेस? हात घाल."

"नाही घालणार."

"ढवळीला घातलास की!"

"घातला. म्हणून आज इथं आहे."

म्हाताऱ्यानं सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारली आणि तिला बाजूला सारून मोरीच्या मागे गेला. हात उघडा, अनवाणी पाय त्या पाण्यात. त्यानं वारेला हात घालायला वाकायला आणि थोरलीनं मोजा चढवलेल्या हातानं त्याचं मनगट पकडायला एकच गाठ पडली.

इतक्या वर्षांत तिनं सासऱ्यांसमोर मान वर केली नव्हती.

"बाबा, नको. तुम्हाला अजून नाही झालेलं."

"सोड."

"नाही सोडत."

त्यांनी हिसका दिला. दुखणाईत बाई, पण तिनं सोडलं नाही. गायींच्या धारा काढून काढून तिच्या बोटांत जी ताकद आली होती, ती तापानं गेली नव्हती. म्हातारा हळूहळू सरळ झाला. तिच्या हाताकडे बघायला लागला.

"मोज्यातूनसुद्धा हात भाजतोय तुझा," तो म्हणाला. "कधीपासून आहे हे?"

"दोन वर्षं झाली."

मोरीनं पुन्हा मागे वळून बघितलं. डॉक्टरणीनं म्हाताऱ्याच्या पायांवर साबणाचं पाणी ओतलं, घासून धुवायला लावले, हातही धुवायला लावले. त्यानं सांगितलं तसं केलं. मग कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"चुना कुठं टाकायचा, सांगा. मी टाकतो."

"आधी बूट घाला," थोरली म्हणाली.

त्यानं इकडेतिकडे बघितलं. बूट दोनच जोड होते आणि दोन्ही बायकांच्या पायांत होते. थोरलीनं त्याच्या हातातून फावडं काढून घेतलं. "बाहेर थांबा, बाबा. आमचं होईल आता."

तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. दोघींनी वासरू खड्ड्यात पुरलं, चुना पसरला, मोरीपुढं वैरण टाकली. ऊन पत्र्यावर चढलं. घरातून सासूबाईंनी दोनदा हाक मारली, जेवायला चला म्हणून. म्हातारा हलला नाही. दोघींचं काम संपेपर्यंत भर उन्हात, बाही तशीच वर सारलेली, कुंपणाला धरून उभा राहिला.